आयनार गेरहार्डसन: रस्त्यावरचा मजूर, देशाचा पंतप्रधान

नॉर्वेचे आयनार गेरहार्डसन (१८९७-१९८७) रस्त्याच्या कामावरचे मजूर. युनियनमध्ये घडले, मजूर पक्षातून ओस्लोचे महापौर झाले. १९४१ मध्ये नाझींनी अटक करून पुढे साक्सनहाउसेनच्या छळछावणीत धाडले. १९४५ मध्ये सुटले आणि त्याच वर्षी पंतप्रधान झाले. १९४६ मध्येच घरांसाठी सरकारी बँक आणि मुलांसाठी भत्ता आला. त्यांनी एकूण सुमारे १७ वर्षे देश चालवला.

मात्र १९६२ मध्ये स्वालबार्डच्या सरकारी कोळसा खाणीत २१ कामगार मेले. पुढच्या वर्षी संसदेने याच प्रश्नावर त्यांचे सरकार पाडले. महिनाभरात ते परतले. १९६५ च्या निवडणुकीत सत्ता गेली.

मित्रांनो, सरकार कामगारांचे असले तरी कामगारांच्या मृत्यूचा जाब त्याला द्यावाच लागतो. आपला माणूस खुर्चीवर बसला म्हणून प्रश्न विचारणे थांबवायचे नसते.