जयकरला जाताना

पुणे विद्यापीठात शिकलेल्या माणसाला जयकर कोण असे विचारले, तर तो बहुधा एका इमारतीकडे बोट दाखवील. आमच्या वेळी तरी तसेच होते. १९७४ साली मी नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एम.ए. करायला गणेशखिंडीत आलो. पहिल्याच आठवड्यात, वसतिगृहातल्या सोबत्याने जेवण झाल्यावर आपण जयकरला जाणार असल्याचे सांगितले. मला वाटले, याच्या ओळखीचे कुणी वडीलधारे गृहस्थ असतील. चांगला शर्ट घालून मी त्याच्याबरोबर निघालो, आणि पोचलो तो ग्रंथालयात. पुढची दोन वर्षे मी रोज जयकरला गेलो. कोणत्या टेबलावर पंख्याचा वारा येतो आणि कोणत्या खिडकीतून दुपारी ऊन डोळ्यांवर येते, हे मला पाठ होते. ज्याचे नाव त्या वास्तूला दिलेले होते, त्या माणसाबद्दल मात्र मला एक ओळही माहीत नव्हती. ती माहीत करून घ्यावी, असेही वाटले नाही.

लाज वाटायला पंधरा-वीस वर्षे जावी लागली. माझा भाचा स्थापत्य अभियांत्रिकीला होता. त्याच्या पुस्तकात, भारतातल्या रस्त्यांच्या इतिहासाच्या प्रकरणात, जयकर समिती नावाचे प्रकरण होते. मामा, तुमचे ग्रंथालयवाले जयकर आणि हे रस्तेवाले जयकर एकच का, असे त्याने सहज विचारले. मला उत्तर देता आले नाही. मामाच्या विद्वत्तेवरचा त्याचा विश्वास त्या दिवशी बराच कमी झाला असावा. त्यानंतर मी जयकरांच्या मागे लागलो, तो आजतागायत.

दोघे एकच होते. एवढेच नव्हे, तर आणखीही काही जयकर त्यांच्यातच होते. मुकुंद रामराव जयकर यांचा जन्म मुंबईचा, १३ नोव्हेंबर १८७३ चा. घराणे पाठारे प्रभूंचे. मुंबईत कायदा शिकून ते विलायतेला गेले, बॅरिस्टर झाले आणि परतून उच्च न्यायालयात उभे राहिले. आजोळचे वासुदेव जगन्नाथ कीर्तिकर वेदान्ताचे गाढे अभ्यासक होते. त्यांचे वेदान्तावरचे लेखन जयकरांनी १९२४ मध्ये संपादून प्रसिद्ध केले. म्हणजे दिवसा खटले आणि रात्री शंकराचार्य, असा हा माणूस. वकिलीत नाव आणि पैसा दोन्ही मिळत होते. तिथेच राहिले असते, तर एक सुखी बॅरिस्टर म्हणून सुखाने विसरले गेले असते.

पण १९१९ आले. जालियनवाला बागेनंतर पंजाबातल्या अत्याचारांची चौकशी करण्यासाठी काँग्रेसने स्वतःची समिती नेमली. गांधीजी, चित्तरंजन दास, अब्बास तय्यबजी आणि जयकर असे तिचे सदस्य होते. सतराशेहून अधिक लोकांच्या जबान्या या मंडळींनी गोळा केल्या, आणि १९२० मध्ये अहवाल बाहेर आला. जयकरांना वकिलीची कला पहिल्यांदा देशासाठी वापरावी लागली ती इथे. पुढे ते स्वराज्य पक्षातर्फे मुंबईच्या कायदेमंडळात गेले, तिथे विरोधी बाकांचे नेते झाले. मग पक्षाशी पटेना, म्हणून न. चिं. केळकर आणि डॉ. मुंजे यांच्याबरोबर प्रतियोगी सहकारितेच्या वाटेने निघाले. सरकार जिथे चांगले करील तिथे साथ द्यायची, वाईट करील तिथे अडवायचे, असा तो मार्ग. कागदावर शहाणपणाचा. पण लाठ्या खायला निघालेल्या तरुणांना कागदावरचे शहाणपण कधी आवडत नाही, आणि त्यांचे फारसे चुकतेही असे नाही.

रस्त्यांचे जयकर याच काळातले. १९२७ मध्ये सरकारने रस्तेविकासासाठी समिती नेमली आणि अध्यक्षपद त्यांना दिले. त्यांच्या अहवालामुळे पेट्रोलवर जादा कर बसून १९२९ मध्ये मध्यवर्ती रस्ते निधी सुरू झाला, आणि पुढे १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था उभी राहिली. विद्यापीठ चौकातले उड्डाणपूल बांधून काही वर्षांतच, २०२० साली, मेट्रोसाठी पाडून टाकले गेले. त्या दिवसांत तिथल्या गर्दीत अडकलो असताना मला या अहवालाची फार आठवण येत असे.

तरीही त्या वेळच्या वर्तमानपत्रांतून जयकरांचे नाव सर्वांत जास्त आले ते मध्यस्थ म्हणून. १९३० च्या उन्हाळ्यात मिठाच्या सत्याग्रहाने देश पेटला होता. गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात, मोतीलाल आणि जवाहरलाल नैनीच्या. तेजबहादूर सप्रू आणि जयकर या दोन वकिलांनी व्हाइसरॉय आयर्विन आणि हे कैदी यांच्यात हेलपाटे घातले. अखेर नेहरू पितापुत्रांना येरवड्याला आणले गेले, आणि १३ ते १५ ऑगस्टला तुरुंगातच बैठका झाल्या. त्यातून काही निष्पन्न झाले नाही. पुढच्या मार्चात गांधी-आयर्विन करार झाला, त्यामागेही हे दोघे होते. सप्टेंबर १९३२ मध्ये गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी पुणे करार झाला, त्यावर जयकरांची सही आहे. आपल्याकडच्या लग्नात मध्यस्थाची जी गत होते, तीच त्यांची झाली. जमले तर वधूवरांचे नशीब, फिसकटले तर मध्यस्थाची चूक. आणि जेवणाचे पान शेवटच्या पंगतीला. काँग्रेसवाल्यांना ते सरकारचे वाटत, सरकारला काँग्रेसचे.

मग न्यायासन. १९३७ मध्ये फेडरल कोर्ट स्थापन झाले तेव्हा सर मॉरिस ग्वायर, सुलेमान आणि जयकर असे तीन न्यायाधीश होते. १९३९ मध्ये ते लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायिक समितीवर गेले आणि १९४२ पर्यंत तिथे होते. कोणाही वकिलाने इथे समाधानाने कारकीर्द संपवली असती.

जयकरांच्या आयुष्यातला मला सर्वांत बोचणारा प्रसंग यानंतरचा आहे. डिसेंबर १९४६ मध्ये घटना समितीत नेहरूंनी उद्दिष्टांचा ठराव मांडला. मुंबईतून निवडून आलेले जयकर ७३ वर्षांचे होते. मुस्लिम लीगचे सदस्य आलेले नाहीत, संस्थानांचे प्रतिनिधी अजून यायचे आहेत, तेव्हा ते येईपर्यंत ठराव पुढे ढकलावा, अशी उपसूचना त्यांनी दिली. सभागृह चिडले, भाषणात व्यत्यय आले. दुसऱ्या दिवशी डॉ. आंबेडकरांनी उठून त्यांची बाजू घेतली. गंमत अशी, की ठराव खरोखरच पुढे गेला आणि २२ जानेवारी १९४७ ला मंजूर झाला. लीग तरीही आली नाही. माझे मत विचाराल तर जयकर कायद्याने बरोबर होते आणि काळाने चूक. लीग येणार नाही, हे रस्त्यावरच्या माणसाला दिसत होते. आयुष्यभर दोन्ही बाजूंना खोलीत बसवण्याचा प्रयत्न करणाऱ्याला, एक बाजू कधीच येणार नाही हे पटायला वेळ लागतो.

१९४७ मध्ये त्यांनी घटना समितीचा राजीनामा दिला. त्या रिकाम्या खुर्चीचे पुढे काय झाले, हे प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक असायला हवे. बंगालमधून निवडून आलेल्या डॉ. आंबेडकरांची जागा फाळणीमुळे गेली होती. त्यांना समितीत परत आणायचे होते. मुंबई प्रांताचे तेव्हाचे पंतप्रधान बाळासाहेब खेर यांना राजेंद्रप्रसादांनी तसे कळवले, आणि जुलै १९४७ मध्ये आंबेडकर मुंबईतून निवडून आले, ते जयकरांनी मोकळ्या केलेल्या जागेवर.

आणि याच खेरांच्या काळात जयकरांना दुसरी खुर्ची मिळाली.

महाराष्ट्रासाठी वेगळे विद्यापीठ हवे, ही मागणी जुनी. मुंबई विद्यापीठ १८५७ चे, लंडनच्या धर्तीवरचे. पहिली कित्येक दशके त्याचे काम परीक्षा घेण्याचे आणि पदव्या वाटण्याचे. पुण्या-कोल्हापूरच्या मुलांची भाषा, त्यांची इतिहासाची साधने, त्यांची शेती यांचा विचार करणारे विद्यापीठ इथेच हवे, असे म्हणणाऱ्यांचा जोर वाढला. तेव्हा सरकारने १९४० नंतर एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष पुन्हा जयकरच. १० फेब्रुवारी १९४८ ला कायदा झाला आणि जयकर पहिले कुलगुरू झाले. वय ७४.

सुरुवात झाली भांडारकर संस्थेच्या आवारातल्या निजाम गेस्ट हाउसमध्ये. हे दृश्य डोळ्यांपुढे आणून पाहा. निजामाच्या देणगीतून बांधलेली ती वास्तू, आणि निजामाचे राज्य तर १९४८ च्या सप्टेंबरातच बुडालेले. पलीकडे भांडारकर संस्थेत महाभारताच्या संशोधित आवृत्तीचे काम चालू. १९१९ मध्ये सुरू झालेले ते काम १९६६ ला संपायचे होते. आणि या दोहोंच्या मध्ये काही टेबले, कारकून, आणि प्रिव्ही कौन्सिलात बसून आलेले कुलगुरू. १ जून १९४९ ला बिऱ्हाड गणेशखिंडीत हलले.

गणेशखिंडीची ती जागा म्हणजे मुंबईच्या गव्हर्नरांचे पावसाळ्यातले निवासस्थान. सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत १८६४ ला बांधकाम सुरू झाले, ते १८७१ ला संपले. याच परिसरात ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली आणि पेशवाईचा शेवट सुरू झाला. याच बंगल्यातला राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा सोहळा आटोपून परतताना २२ जून १८९७ च्या रात्री रँड आणि आयर्स्ट यांना चापेकर बंधूंनी गणेशखिंडीच्या रस्त्यावर गाठले. पुण्याच्या माणसाला या कमानींच्या आत पाऊल टाकायची सोय नव्हती. तिथे आता शेतकऱ्याचा मुलगा फी भरण्याच्या रांगेत उभा राहू शकत होता. मी उभा राहिलो आहे, म्हणून सांगतो. रांग मोठी होती आणि खिडकी जेवणाच्या सुट्टीत बंद झाली. पण त्या छताकडे पाहत उभे राहण्यात मला अपमान वाटला नाही.

सुरुवातीला अधिकारक्षेत्र पश्चिम महाराष्ट्रातल्या बारा जिल्ह्यांचे, महाविद्यालये अठरा, विद्यार्थी आठ हजारांवर. जमीन मात्र चारशे एकरांहून जास्त मिळाली, यात खेरांचा पुढाकार मोठा. एवढ्या मोठ्या माळाचे करायचे काय, असा प्रश्न तेव्हा कुणाला पडला असेलच. परीक्षांचे कार्यालय चालवायला चार खोल्याही पुरतात. पण आवारात विद्यापीठाचे स्वतःचे पदव्युत्तर विभाग एकेक करून उघडू लागले. शिवाय शहरात पाया तयार होताच. डेक्कन कॉलेजात कत्रे यांचे संस्कृत कोशाचे काम १९४८ मध्ये सुरू झालेले. तिथेच सांकळिया उत्खननातली खापरे तपासत होते आणि इरावतीबाई कर्वे माणसांच्या नात्यागोत्यांचा शोध घेत होत्या. गोखले संस्थेत धनंजयराव गाडगीळांचे ग्रामीण अर्थकारणाचे अभ्यास चालू होते.

अडचण होती ती या सगळ्यांना एका छत्राखाली नांदवण्याची. पुण्यातल्या शिक्षणसंस्थांचा इतिहास ज्याला माहीत आहे, त्याला यातली गोम वेगळी सांगायला नको. फर्ग्युसन १८८५ चे, स. प. १९१६ चे, वाडिया १९३२ चे. प्रत्येकाचा आपापला अभिमान आणि आपापले जुने वाद. इथे मुंबईचा माणूस उपयोगी पडला असला पाहिजे, असे मला वाटते. पुण्याच्या कुठल्याच आळीचा नव्हता तो. दोन्ही बाजूंना न आवडणे हा राजकारणात त्यांचा दोष ठरला होता. विद्यापीठात तेच भांडवल झाले. ज्या शहरात येरवड्याच्या भिंतीआड त्यांची शिष्टाई फसली होती आणि एकदा जमलीही होती, त्याच शहरात त्यांनी आठ वर्षे टिकून काम केले. १९५६ ला ते निवृत्त झाले तेव्हा ८२ वर्षांचे होते. त्यांच्या जागी रँग्लर परांजपे आले.

निवृत्तीनंतर त्यांनी इंग्रजीतून आत्मचरित्र लिहिले. पहिला खंड १९५८ चा, दुसरा १९५९ चा. १० मार्च १९५९ ला ते गेले. मी हे दोन्ही खंड वाचले, अर्थात जयकरमध्येच बसून. पानेच्या पाने गणेशखिंड शोधत होतो. सापडली नाही. हकिकत १९२५ पर्यंत येते आणि थांबते. घटना समिती नाही, पुणे करार नाही, विद्यापीठ नाही. जाड कागदाच्या त्या पुस्तकावर हात ठेवून मी थोडा वेळ तसाच बसून राहिलो.

तो माळ आता भरला आहे. चार्ल्स कोरियांनी आखलेल्या आयुकाच्या आवारात फूकोचा लंबक झुलतो. नारळीकरांमुळे शाळकरी मुलांनाही ती जागा कळली. पलीकडे खगोल-रेडिओ केंद्र, पेशीविज्ञान केंद्र, परम संगणकवाले सी-डॅक. ललित कला केंद्रातून तबल्याचा ठेका ऐकू येतो, आणि अनिकेत कँटीनमध्ये चहाच्या एका कपावर तीन मुले क्रांतीपासून नेट-सेटपर्यंत सगळे मिटवतात. कमवा आणि शिका योजनेतली मुले सकाळी काम करतात आणि दुपारी वर्गात बसतात. बारा जिल्ह्यांतले बरेच १९६२ मध्ये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाकडे गेले, आणखी काही १९९० मध्ये जळगावला. २०१४ मध्ये विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचे नाव मिळाले. परीक्षा आणि निकाल यांचे ओझे मात्र एवढे वाढले आहे, की जयकरांच्या वेळची अठरा महाविद्यालये म्हणजे आता गंमत वाटावी.

गेल्या पावसाळ्यात एका कामासाठी गेलो होतो, म्हणून जयकरला डोकावलो. स्पर्धा परीक्षांची मुले खचाखच भरली होती. बीड, परभणी, नंदुरबार, कुठकुठची. एक खुर्ची रिकामी दिसली म्हणून बसायला गेलो, तर शेजारच्या मुलीने मान वर करून हळूच खूण केली. खुर्चीवर पाण्याची बाटली आणि एक वही ठेवलेली होती. काका, ती येतेय, जेवायला गेलीय, असे तिने सांगितले. मी बाजूच्या भिंतीशी उभा राहिलो. बाहेर पाऊस सुरूच होता.