जॉर्ज वॉशिंग्टन

लढाया जिंकणारे सेनापती जगाच्या इतिहासात पुष्कळ होऊन गेले. परंतु विजयानंतर हाती आलेली सत्ता आपण होऊन परत करणारे त्यांत विरळाच. अमेरिकेचा जॉर्ज वॉशिंग्टन हा अशा विरळा पुरुषांपैकी एक होय.

जॉर्जचा जन्म २२ फेब्रुवारी १७३२ रोजी व्हर्जिनियात झाला. पुढे ज्या तेरा वसाहतींनी इंग्लंडविरुद्ध बंड पुकारले, त्यांपैकी व्हर्जिनिया ही एक. घरी तंबाखूची शेती होती. जॉर्ज अकरा वर्षांचा असतानाच त्याचे वडील वारले आणि त्यामुळे सावत्र भावांप्रमाणे इंग्लंडला जाऊन शिकण्याचा त्याचा मार्ग खुंटला. परंतु तो खचला नाही. त्याने जमिनीच्या मोजणीची विद्या हस्तगत केली आणि वयाच्या सोळाव्या वर्षी मोजणीदारांच्या तुकडीबरोबर तो पश्चिमेकडील रानात गेला. पावसापाण्यात हिंडावे, पूर आलेल्या नद्या ओलांडाव्या आणि रात्री शेकोटीशेजारी उघड्यावर झोपावे, असा तो क्रम होता. कष्ट सोसण्याचे शिक्षण त्याला तेथे मिळाले.

पुढे इंग्रज व फ्रेंच ह्यांच्यात अमेरिकेत युद्ध पेटले. १७५५ साली एका घनघोर लढाईत वॉशिंग्टनच्या मांडीखालची दोन घोडी ठार झाली आणि त्याच्या अंगरख्यातून चार गोळ्या आरपार गेल्या. पण त्याला स्वतःला इजा झाली नाही. त्याचे धैर्य सर्वांच्या नजरेत भरले. युद्धसेवा संपवून तो घरी परतला. १७५९ साली त्याने मार्था ह्या विधवा स्त्रीशी विवाह केला आणि पोटोमॅक नदीच्या काठी माउंट व्हर्नन येथे तो शेती पाहू लागला.

फ्रेंचांशी झालेल्या युद्धामुळे इंग्लंडवर कर्जाचा मोठा बोजा झाला होता. तो हलका करण्यासाठी पार्लमेंटने वसाहतींवर कर बसवण्यास आरंभ केला. १७६५ साली कागदपत्रांवर व वर्तमानपत्रांवर कर बसला. पुढे चहावरही बसला. पार्लमेंटमध्ये वसाहतींचा एकही प्रतिनिधी नव्हता. ज्या सभेत आपला माणूस नाही, तिने आपल्या खिशात हात घालावा हे वसाहतींतील लोकांना अन्यायाचे वाटले. डिसेंबर १७७३ मध्ये बोस्टनच्या लोकांनी चहाच्या ३४२ पेट्या बंदरात फेकून दिल्या. शिक्षा म्हणून इंग्रज सरकारने ते बंदरच बंद केले. अखेर एप्रिल १७७५ मध्ये लेक्झिंग्टन गावी ठिणगी पडली आणि युद्ध सुरू झाले.

वसाहतींच्या प्रतिनिधींची सभा फिलाडेल्फिया येथे भरली होती. तिला काँग्रेस म्हणत. तिने जून १७७५ मध्ये वॉशिंग्टनला सरसेनापती नेमले. त्याने वेतन नाकारले आणि केवळ झालेला खर्च मिळावा एवढीच इच्छा दर्शवली. काम अवघड होते. समोर कसलेले इंग्रज शिपाई व बलाढ्य आरमार. आपल्याकडे मात्र नांगर सोडून आलेले शेतकरी आणि कारागीर. दारूगोळाही अपुरा होता.

४ जुलै १७७६ रोजी काँग्रेसने स्वातंत्र्याचा जाहीरनामा मान्य केला. परंतु जाहीरनाम्याने स्वातंत्र्य मिळत नसते. पुढल्याच महिन्यात न्यू यॉर्कजवळ वॉशिंग्टनचा मोठा पराभव झाला. रात्रीच्या काळोखात आणि पहाटेच्या धुक्याच्या आडोशाने त्याने आपले सुमारे ९,००० सैनिक नदीपार नेऊन वाचवले. त्यानंतर माघारीमागून माघार घ्यावी लागली. अनेक सैनिकांची मुदत वर्षअखेर संपत होती. ते घरी गेले असते, तर स्वातंत्र्याची आशाच मावळली असती.

तेव्हा वॉशिंग्टनने धाडसाचा बेत केला. २५ डिसेंबरच्या रात्री बर्फाचे तुकडे वाहून नेणारी डेलावेअर नदी त्याने सुमारे २,४०० सैनिकांसह ओलांडली. वादळात नऊ मैल चालून सकाळी त्याने ट्रेंटन गावावर छापा घातला. इंग्रजांच्या बाजूने लढणारे सुमारे ९०० जर्मन शिपाई कैद झाले. ह्या एका विजयाने देशाचा धीर परत आला.

परंतु सत्त्वपरीक्षा पुढेच होती. १७७७ चा हिवाळा सैन्याने व्हॅली फोर्ज येथे काढला. लाकडी ओंडक्यांच्या झोपड्या, अंगावर चिंध्या, कित्येकांच्या पायांत जोडेही नाहीत. सुमारे २,००० सैनिक रोगराईने मरण पावले. वॉशिंग्टन सैन्याला सोडून गेला नाही. अन्नवस्त्रासाठी तो काँग्रेसला पत्रांवर पत्रे लिहीत राहिला. स्टॉयबेन नावाच्या प्रशियन अधिकाऱ्याने त्याच छावणीत शिपायांना कवायत शिकवली. उन्हाळ्यात बाहेर पडले ते शिस्तबद्ध सैन्य होते.

१७७८ साली फ्रान्सने अमेरिकेशी तह केला. ऑक्टोबर १७८१ मध्ये यॉर्कटाउन येथे फ्रेंच आरमाराने समुद्राची वाट अडवली आणि वॉशिंग्टनने फ्रेंच सैन्याच्या साहाय्याने जमिनीवरून वेढा घातला. अखेर इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसच्या सात हजारांहून अधिक फौजेने शस्त्रे खाली ठेवली. हाच कॉर्नवॉलिस पुढे १७८६ साली गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात आला आणि टिपू सुलतानाविरुद्धच्या युद्धात मराठे त्याचे मित्र होते.

लढाई जिंकली, पण एक नवेच संकट उभे राहिले. अधिकाऱ्यांचे वेतन कित्येक महिने थकले होते. मार्च १७८३ मध्ये न्यूबर्ग येथील छावणीत काही जण काँग्रेसविरुद्ध उठण्याची भाषा बोलू लागले. वॉशिंग्टन त्यांच्या सभेत गेला. त्याने केलेला उपदेश त्यांना फारसा पटलेला दिसेना. मग एक पत्र वाचण्यासाठी त्याने खिशातून चष्मा काढला. सेनापतीला चष्म्यात अनेकांनी कधी पाहिले नव्हते. देशाच्या सेवेत केस तर पिकलेच, आता दृष्टीही मंदावली, असे तो सहज बोलून गेला. ते ऐकून कित्येकांच्या डोळ्यांत पाणी आले आणि बंडाचा विचार तेथेच विरून गेला.

सप्टेंबर १७८३ मध्ये पॅरिस येथे तह होऊन इंग्लंडने अमेरिकेचे स्वातंत्र्य मान्य केले. वॉशिंग्टनने मनात आणले असते तर सैन्याच्या बळावर तो राजा होऊ शकला असता. तशी सूचनाही त्याला एकाने पूर्वी केली होती आणि त्याने ती कठोरपणे धुडकावली होती. २३ डिसेंबर १७८३ रोजी तो अॅनापोलिस येथे काँग्रेसपुढे उभा राहिला, सरसेनापतिपदाची सनद परत केली आणि नाताळासाठी घरी गेला.

१७८९ साली त्याची पहिला राष्ट्राध्यक्ष म्हणून एकमताने निवड झाली. आठ वर्षे कारभार पाहून १७९७ साली तो पुन्हा आपल्या शेतावर परतला.

त्याच्या जीवनात एक मोठी उणीव होती. ज्याने देशाला दास्यातून सोडवले, त्याच्याच शेतात आफ्रिकी वंशाचे गुलाम राबत होते. वडिलांच्या पश्चात अकराव्या वर्षीच तो दहा गुलामांचा धनी झाला होता. उतारवयात ही गोष्ट त्याला सलू लागली. आपल्या मालकीच्या सर्व गुलामांना पत्नीच्या पश्चात मुक्त करावे, असे त्याने मृत्युपत्रात लिहून ठेवले. त्यांची संख्या १२३ होती. पण माउंट व्हर्ननवरील निम्म्याहून अधिक गुलाम दुसऱ्यांच्या मालकीचे होते; त्यांना मुक्ती मिळाली नाही.

१४ डिसेंबर १७९९ रोजी वॉशिंग्टनचा अंत झाला. हिवाळ्यात सैन्य टिकवणे आणि विजयात स्वतःला आवरणे, ह्या दोन्ही गोष्टी त्याने साधल्या. पहिलीने अमेरिकेला स्वातंत्र्य मिळाले. दुसरीने ते लोकांच्या हाती राहिले.