खराटा आणि गाडगे : संत गाडगेबाबांची दयाकृत्ये



चामोर्शी तालुक्यात वैनगंगेच्या तीरावर, मार्कंडा येथे महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते. यात्रा पांगली की मागे उरतो तो केरकचरा. तो कोणी झाडावा, हा प्रश्न सहसा कोणी स्वतःला विचारीत नाही. आपल्याच विदर्भाच्या मातीत जन्मलेल्या एका पुरुषाने मात्र गावोगावच्या यात्रांत हाच प्रश्न स्वतःला विचारला आणि आयुष्यभर कृतीने त्याचे उत्तर दिले. ते म्हणजे संत गाडगेबाबा.

त्यांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे एका परीट कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील व्यसनापायी अकाली गेले. आई सखुबाई लहानग्या डेबूला घेऊन मूर्तिजापूरजवळील दापुरे येथे माहेरी आली. डेबूजी तेथे गुरे राखीत, शेतात राबत वाढले. शाळेचे तोंड त्यांना पाहावयास मिळाले नाही. पुढे विवाह झाला, मुलेबाळे झाली. परंतु १ फेब्रुवारी १९०५ रोजी, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, त्यांनी लोकसेवेसाठी घर सोडले.

अंगावर चिंध्यांची गोधडी, एका हाती खराटा आणि दुसऱ्या हाती मातीचे गाडगे, एवढाच त्यांचा संसार. गावात शिरताच ते प्रथम रस्ते व गटारे झाडीत आणि मगच भाकरी मागत. फुकटचा घास त्यांना पचत नसे. मिळालेली भाकरी त्याच गाडग्यात घेऊन ते खात. सायंकाळी कीर्तनाला उभे राहिले की वऱ्हाडी बोलीत श्रोत्यांनाच प्रश्न विचारीत आणि दारू, कर्ज, हुंडा, पशुबळी व अस्पृश्यता यांवर प्रहार करीत. कोणाला पायांवर डोके ठेवू देत नसत. १९२३ साली कोकणात खारेपाटण येथे कीर्तन चालू असताना एकुलत्या मुलाच्या, गोविंदाच्या, निधनाची वार्ता आली. तरीही त्यांनी कीर्तन थांबविले नाही.

बाबांची दया केवळ हळवी नव्हती, ती डोळस होती. उपेक्षित कोण राहिले, हे ते पाहत असत. ऋणमोचनच्या यात्रेत पूर्णेच्या काठी भाविकांचे हाल होत, तेथे त्यांनी घाट बांधला. पंढरीला गेलेल्या दलित वारकऱ्यांना कोणी आसरा देत नसे. त्यांच्यासाठी चोखामेळा धर्मशाळा उभारली आणि १९४९ साली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. मुंबईत जे. जे. रुग्णालयात येणाऱ्या गोरगरीब रुग्णांच्या नातलगांसाठी धर्मशाळा बांधली. लाखो रुपयांच्या या वास्तूंत स्वतःच्या कुटुंबासाठी त्यांनी कोणताही हक्क ठेवला नाही. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीनजीक वलगाव येथे, प्रवासातच, त्यांनी देह ठेवला.

बाबांच्या शिकवणीचे सार दहा सूत्रांत सांगितले जाते. भुकेल्याला अन्न, तान्हेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, बेघराला आसरा, रोग्याला औषध, गरीब मुलांना शिक्षण, बेकाराला काम, मुक्या प्राण्यांना अभय, गरीब तरुण-तरुणींच्या विवाहास साहाय्य आणि निराश माणसाला धीर, अशी ती सूत्रे आहेत. हे वाचताना आपल्याला संत मत्तयच्या शुभवर्तमानाचा पंचविसावा अध्याय आठवल्यावाचून राहत नाही. अंतिम न्यायाच्या दिवशी प्रभू येशू याच गोष्टींचा हिशोब मागणार आहे. आपण दयेची ही कृत्ये धर्मशिक्षणाच्या वर्गात तोंडपाठ केली. ज्यांना अक्षरओळखही नव्हती, त्या बाबांनी ती हातांनी गिरविली. ते आपल्या ख्रिस्तसभेचे सदस्य नव्हते. पण इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्याचा ख्रिस्तसभा अव्हेर करीत नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६५ साली स्पष्ट केले आहे. म्हणून त्यांचे जीवन आपल्याला परके नाही. उलट, ते आपल्याला आत्मपरीक्षण करावयास लावते.

आपण दान करतो, यात शंका नाही. परंतु ते पुष्कळदा आपल्याच माणसांपुरते राहते, आणि आभाराचे दोन शब्द कानी पडले नाहीत तर मन खट्टू होते. आपल्या भागातील रुग्णाला चामोर्शीहून गडचिरोलीला, कधी नागपूरलाही न्यावे लागते. रुग्णाला खाट मिळते. सोबत आलेल्या आईने, भावाने कोठे निजावे, काय खावे? गाडगेबाबांना नेमका हाच माणूस दिसला. पुढे त्यांच्या मिशनने मुंबईत दादर येथे उभारलेल्या धर्मशाळेत कर्करोगाच्या रुग्णांना व त्यांच्या नातलगांना निवारा मिळू लागला, तोही याच दृष्टीमुळे.

यासाठी मोठी वास्तूच हवी असे नाही. शेजारचा कोणी इस्पितळात गेला, तर त्याच्या सोबत्यासाठी डबा पोहोचविता येईल, एखादी रात्र त्याच्या जागी बसता येईल, घरी मागे राहिलेल्या मुलांना आणि गुराढोरांना सांभाळता येईल. तो कोणत्या जातीचा, कोणत्या धर्माचा, हे विचारण्याची गरज नाही. पवित्र मिस्सा आटोपून मंदिराबाहेर पडताना आपण प्रत्येकाने अशा एका घराचे नाव मनाशी ठरवावे आणि त्याच दिवशी तेथे जावे.

उपेक्षितांमध्ये भेटणाऱ्या प्रभूला ओळखण्याची दृष्टी आणि त्याची सेवा करण्याचे बळ परमेश्वर आपणा सर्वांना देवो, हीच प्रार्थना.