शिष्यवृत्तीचे कागद आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर

जून उजाडला की तेरखेड्यातील पालक मुलांचे दाखले घेऊन आमच्या ओसरीवर येतात व कॉलेजच्या शिष्यवृत्तीचा अर्ज तपासून मागतात. हे काम करीत असता आम्हांस ज्या थोर पुरुषाचे चरित्र वारंवार आठवते, ते ज्ञातिबांधवांपुढे याच बाजूने ठेवीत आहोत. बाबासाहेबांची राजकीय कामगिरी सर्वांस ठाऊक आहे. त्यांच्या शिक्षणामागील कागदांकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात त्यांचे नाव दाखल झाले, ते भिवा असे. शाळेच्या रजिस्टरातील ती नोंद आजही जपून ठेवलेली आहे. रजिस्टरातील एका ओळीचे मोल आम्ही जाणतो. आमच्या हातून एका मुलाच्या वडिलांचे नाव चुकीचे लिहिले गेले. ते जातीच्या दाखल्याशी जुळेना, दुरुस्ती होईपर्यंत मुदत टळली आणि तो मुलगा फटाक्यांच्या कारखान्यात कामास लागला. पुन्हा तो कॉलेजात गेला नाही.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. वडील रामजी सुभेदार पेन्शनर. कॉलेजचा खर्च त्यांस पेलेना. तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड यांच्याकडे शब्द टाकला व दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. बी. ए. होऊन भीमराव बडोद्याच्या नोकरीत रुजू होतात न होतात तोच, २ फेब्रुवारी १९१३ रोजी वडील निवर्तले.

त्याच वर्षी ४ जून रोजी भीमरावांनी बडोदे सरकारशी करारपत्र केले. अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षेपर्यंत. नेमून दिलेल्या विषयांचाच अभ्यास करावयाचा, आणि परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची चाकरी करावयाची. बावीस वर्षांच्या, नुकत्याच पोरक्या झालेल्या तरुणाने आयुष्याची दहा वर्षे कागदावर लिहून दिली! हल्लीचे पालक अर्जाखालील अटी न वाचता सही करतात, त्यांनी हे ध्यानी घ्यावे.

१९१५ साली ते एम. ए. झाले. पुढे लंडनला गेले, परंतु शिष्यवृत्तीची मुदत सरल्याने १९१७ च्या ऑगस्टमध्ये अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. येताना त्यांनी एक गोष्ट केली, ती आम्हांस फार मोलाची वाटते. प्राध्यापक कॅनन यांच्या शिफारशीने, चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून मिळवून ठेवली.

कराराप्रमाणे ते बडोद्यास गेले. तेथे कचेरीतील शिपाईही दुरून कागद फेकीत. राहण्यास जागा मिळेना. पारशी धर्मशाळेतून लाठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढले. करार मोडला तो असा. पुढे शिष्यवृत्तीच्या रकमेसाठी संस्थानचा तगादाही लागला. ज्या महाराजांनी शिकविले त्यांच्याच राज्यात निवारा मिळू नये, यात महाराजांचा दोष आम्ही मानीत नाही. दोष समाजाचा होता.

सिडनहॅम कॉलेजात अध्यापन करून त्यांनी पैसा साठविला, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य व नवल भथेना या पारशी मित्राचे कर्ज घेतले आणि १९२० साली, परवानगीची मुदत संपण्यापूर्वी, लंडन गाठले. बॅरिस्टर होऊन १९२३ साली ते स्वदेशी परतले व त्याच वर्षी डी. एस्सी. झाले.

१९४१ च्या फेब्रुवारीत महार व मांग वतनदारांच्या परिषदेसाठी ते आपल्या जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे आले होते. पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना त्यांनी पाठपुरावा केला आणि १९४४ च्या सुमारास अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आपली मुले जो अर्ज भरतात तो याच शिष्यवृत्तीचा. त्यास दहा वर्षांच्या चाकरीची अट नाही. दाखले तेवढे लागतात. शाळा सोडल्याच्या व जातीच्या दाखल्यांवरील नावे अक्षरशः ताडून पाहावीत, उत्पन्नाचा दाखला वाशीच्या तहसीलीतून वेळेवर काढावा, बँकेचे खाते मुलाच्या आधारशी जोडून घ्यावे. आमची ओसरी सकाळी मोकळी असते.