ओलेची मोटर

नोव्हेंबरातली सकाळ. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, मिलवॉकी शहराच्या पश्चिमेला ओकॉची नावाचं सरोवर आहे. मासेमारीच्या हौसेपायी मी माझी लहानशी होडी तिथं नेली होती. काठाकाठानं पाण्यावर बर्फाची पातळ साय धरली होती. मोटर दोन-तीनदा कुरकुरली आणि सुरू झाली. मी खुशीत धक्क्याचा दोर सोडला आणि गिअर टाकायला गेलो, तर दांडा हलेचना! पुढं नाही, मागं नाही. इंजिन छान फुरफुरतंय आणि होडी वाऱ्याबरोबर भलतीकडेच चालली आहे. जोर लावून दांडा मोडण्यापेक्षा बरं म्हणून मी इंजिन बंद केलं आणि होडीच्या तळातली वल्ही उपसली.

काठ फार लांब नव्हता. पण वल्ही मारायची सवय राहिली नव्हती आणि दहा मिनिटांत दंड भरून आले. तेव्हा एकदम लक्षात आलं की याच सरोवरात, शंभराहून अधिक वर्षांपूर्वी, एक तगडा माणूस असाच वल्ही मारून घामाघूम झाला होता. फक्त त्याच्या वेळी कडक उन्हाळा होता आणि होडीत आइस्क्रीम होतं.

त्याचं नाव ओले एव्हिनरूड. मराठी कानाला पाण्याशीच नातं सांगणारं नाव! जन्म १८७७ चा, नॉर्वेतला. पाच वर्षांचा असताना, १८८२ मध्ये, आईवडिलांबरोबर तो अमेरिकेत आला. आपल्याकडे गावावरून आडनाव पडतं तसं या घराण्याचं आडनाव नॉर्वेतल्या एका शेतवाडीवरून आलेलं. विस्कॉन्सिनमधल्या रिप्ली सरोवराजवळ वडिलांनी शेती धरली. पोरानं शेतात राबावं ही त्यांची इच्छा आणि पोराचं सगळं चित्त होड्यांत. त्यानं चोरून बांधलेली पहिली होडी वडिलांनी जाळून टाकली, असं सांगतात. त्यानं दुसरी बांधली.

शाळा जेमतेम झाली. सोळाव्या वर्षी तो घराबाहेर पडला तो थेट मॅडिसनच्या शेती-अवजारांच्या कारखान्यात. दिवसा यंत्रांपाशी काम, रात्री यंत्रशास्त्राची पुस्तकं. पुढं पिट्सबर्गच्या पोलाद गिरण्या, शिकागो, आणि अखेर मिलवॉकी. तिथं ओतकामासाठी लागणारे लाकडी साचे करण्यात त्याचा हात बसला. पेट्रोलवर चालणाऱ्या इंजिनांचं वेड लागण्याचेच ते दिवस. १९०० मध्ये त्यानं भागीदारीत इंजिनं बनवायला घेतली. पण हा माणूस कारागीर, व्यापारी नव्हे. हिशेब लिहायचा त्याला कंटाळा, वसुलीला जायचा संकोच. एकामागून एक धंदे बसले.

दुकानाजवळ राहणारी बेस केरी ही मुलगी व्यापारी शिक्षण घेत होती. त्याची पत्रं टाइप करून देता देता तिनं त्याच्या वह्याही सांभाळायला घेतल्या. १९०६ च्या सुमाराचा तो उन्हाळा. ओकॉची सरोवरातल्या एका बेटावर सहल गेली होती. बेसला आइस्क्रीम खावंसं वाटलं. ओले उठला, होडीत बसला आणि अडीच मैल वल्हवत पलीकडच्या काठाला गेला. परत येईतो आइस्क्रीमचं पाणी झालं होतं.

मोटर या प्रसंगातून जन्मली, असं सगळीकडे छापलेलं असतं. गोष्ट गोड आहे, पण तिच्यामुळे बेस बिचारी आइस्क्रीम मागणारी मुलगी म्हणूनच लोकांच्या लक्षात राहिली, हे मला खटकतं. होडीच्या मागच्या फळीला अडकवायच्या मोटरी इतरांनीही करून पाहिल्या होत्या. डेट्रॉइटमध्ये कॅमरन वॉटरमन या गृहस्थानं त्या विकायलाही काढल्या होत्या. एव्हिनरूडची मोटर घरोघर पोचली याचं निम्मं श्रेय बेसचं आहे.

दोघांचं लग्न १९०६ मध्ये झालं, पुढच्या वर्षी राल्फ हा मुलगा झाला. ओलेनं पहिली मोटर घरी आणली तेव्हा बेसला ती कॉफी दळायच्या यंत्रासारखी दिसली. १९०९ मध्ये सुधारलेली मोटर बाजारात आली. ताकद दीड अश्वशक्ती, वजन ६२ पौंड आणि किंमतही ६२ डॉलर! एका मित्राला ती वापरून बघायला दिली, तर तो दहा मोटरींची मागणी आणि रोख पैसे घेऊनच परतला, असं सांगतात. वल्ही फेकून द्या अशा अर्थाची जाहिरात बेसनं स्वतः लिहिली आणि पत्रांचा पाऊस पडला. १९११ मध्ये पेटंट मिळालं, ख्रिस मेयर हा भांडवलदार भागीदार मिळाला. कारखाना ओले बघे आणि कचेरी बेस.

या दगदगीनं बेसची प्रकृती पार ढासळली. धंदा अगदी जोरात असताना, १९१४ मध्ये, ओलेनं आपला हिस्सा मेयरला विकून टाकला. वर पाच वर्षं या धंद्यात पाऊल न ठेवण्याचा करार लिहून दिला. ज्या यंत्रावर स्वतःचं नाव कोरलं आहे, त्याला हात लावायचा नाही! बायको आणि मुलगा यांना घेऊन तो फिरत राहिला, मोटारीनं आणि बोटीनं. वडिलांच्या विरोधाला न जुमानणारा हा माणूस बायकोच्या आजारापुढं मात्र एका शब्दानं कुरकुरल्याचं कुणी सांगत नाही.

हात बंद होते, डोकं नव्हतं. जुनी मोटर उचलताना बायाबापड्यांची कंबर मोडे. त्यानं अॅल्युमिनियम वापरून दोन सिलिंडरची, ५० पौंडांच्या आत वजनाची आणि तीन अश्वशक्तीची नवी मोटर आखली. मुदत संपल्यावर सरळपणे ती आधी मेयरलाच दाखवली. मेयरनं नको म्हटलं. तेव्हा एव्हिनरूड नवरा-बायकोनं पुन्हा नवा कारखाना काढला. स्वतःचं नाव दुसऱ्याकडे गहाण, म्हणून मोटरीचं नाव 'एल्टो' ठेवलं. एव्हिनरूडची हलकी दुहेरी मोटर, या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची ती आद्याक्षरं. एल्टोनं जुन्या कंपनीला घाम फोडला. १९२९ मध्ये दोन्ही कंपन्या आणि आणखी एक तिसरी एकत्र आल्या आणि ओले आपल्याच नावाच्या कंपनीचा पुन्हा धनी झाला.

आता माझ्या अडलेल्या गिअरकडे येतो. ओलेच्या १९०९ च्या मोटरीत हा प्रश्नच उद्भवला नसता, कारण तिला न्यूट्रल नव्हतं. वरच्या चक्राचा दांडू धरून गरकन फिरवायचं. इंजिन पेटलं की पंखा फिरलाच आणि होडी निघालीच. थांबायचं तर इंजिन बंद. त्यात बोटांची सालं निघत, धक्क्यावर होड्या आपटत. १९३६ मध्ये एव्हिनरूड आणि जॉन्सन या कंपन्या एकत्र आल्या, आणि १९४९ मध्ये जॉन्सन नावानं पुढं, न्यूट्रल आणि मागं अशा पूर्ण गिअरची १० अश्वशक्तीची मोटर निघाली. सोय मोठी झाली, पण सोयीबरोबर केबल आली, सांधे आले, गिअरचं तेल आलं, आणि थंडीला शिरायला जागा मिळाली.

काठाला लागल्यावर मी ठरलेल्या क्रमानं तपासलं. इंजिन बंद, ठिणगीच्या प्लगच्या वायरी काढलेल्या, कारण पंख्याला हात लावायचा तर चुकूनही ते सुरू होता कामा नये. मग गिअरची केबल इंजिनाच्या टोकाशी सोडवली आणि तिथली तरफ हातानं हलवली. दुसऱ्या हातानं पंखा थोडा थोडा फिरवत राहायचं, कारण आतले दात समोरासमोर आले तर गिअर पडत नाही. माझा गिअर अलगद पडला. म्हणजे पेटी चांगली होती, दोष केबलचा. तिच्या आवरणात पाणी शिरून रात्रीत गोठलं होतं. टोकाची रबरी टोपी फाटलेली मला उन्हाळ्यातच दिसली होती आणि मी आळस केला होता. तिथंही गिअर पडला नसता, तर खालच्या पेटीतलं थोडं तेल काढून पाहावं लागलं असतं. ते दुधाळ निघालं तर आत पाणी गेलं म्हणायचं. ते पाणी तळाशी साचतं आणि गोठलं की गिअर धरून ठेवतं. अशा वेळी दांड्यावर जोर काढणं म्हणजे दात तोडून घेणं.

केबल दुरुस्त होत नाही, बदलावी लागते. मी ती बदलली.

बेस १९३३ च्या मे महिन्यात गेली. ओले त्यानंतर वर्षभरच जगला. १२ जुलै १९३४ रोजी, ५७ व्या वर्षी तो गेला आणि कारभार राल्फनं हाती घेतला. राल्फच्याही पश्चात ती मोठी कंपनी २००० च्या डिसेंबरात दिवाळखोरीत निघाली. एव्हिनरूड हे नाव कॅनडातल्या एका कंपनीनं विकत घेतलं आणि २०२० मध्ये त्या नावाच्या मोटरी बनवणंही थांबलं. ओकॉचीवर जुन्या एव्हिनरूड मोटरी अजून दिसतात. त्यांचे मालक त्या डिसेंबर उजाडायच्या आत घरी नेतात, पाणी निथळू देतात आणि खालच्या पेटीतलं तेल बदलून ठेवतात. यंदा मीही नेली.