लसीचा जनक, संशयाचा बळी

परळच्या हाफकिन संस्थेचे नाव मुंबईकरांच्या तोंडी आहे; परंतु ज्यांचे नाव या वास्तूला दिले गेले, त्या वाल्डेमार हाफकिन यांच्या वाट्याला आलेली मानहानी फारशी कुणाला ठाऊक नसते.

ओडेसा येथे १८६० साली एका ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. प्राणिशास्त्राचे शिक्षण घेऊन ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत दाखल झाले. तेथे कॉलऱ्याची लस तयार होताच १८९२ मध्ये त्यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढच्याच वर्षी ते भारतात आले.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेगचा उद्रेक झाला. घराघरांची झडती, रुग्णांची सक्तीने रवानगी यांमुळे लोक सरकारी वैद्यकावर संतापले होते. ऑर्थर रोडच्या रुग्णालयावर गिरणी कामगारांनी हल्ला केला. पुण्यात १८९७ मध्ये प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. अशा वातावरणात ग्रँट मेडिकल कॉलेजमधील अपुऱ्या जागेत हाफकिन यांनी प्लेगची लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी तीही आधी स्वतःच घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना ती देण्यात आली. तिसऱ्या आगा खान यांनी लोकांसमक्ष लस घेतल्यावर खोजा समाज पुढे आला. सक्तीने जे साधले नव्हते, ते असे उदाहरणाने हळूहळू साधू लागले. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या राजभवनात आली.

आणि मग ३० ऑक्टोबर १९०२ हा दिवस उजाडला. आता पाकिस्तानात असलेल्या पंजाबातील मलकोवाल गावी त्या दिवशी १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतून लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. पंजाबात मोठ्या प्रमाणावर हाती घेतलेल्या मोहिमेला जबर धक्का बसला. लस टोचून घेण्यास लोक धजेनात. चौकशी आयोगाने दोष परळच्या प्रयोगशाळेवर ठेवला. कार्बोलिक आम्ल वगळून केवळ उष्णतेने निर्जंतुकीकरण करण्याची हाफकिन यांची पद्धत वादात सापडली आणि त्यांना पदावरून दूर करण्यात आले.

वास्तविक बाटली उघडताना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला होता. लंडनच्या लिस्टर संस्थेने पुराव्यांची फेरतपासणी केली. रोनाल्ड रॉस यांच्यासारखे शास्त्रज्ञ जाहीरपणे हाफकिन यांच्या पाठीशी उभे राहिले. १९०७ च्या अखेरीस त्यांच्यावरील ठपका दूर झाला. त्याच वर्षी भारतात प्लेगने दहा लाखांहून अधिक बळी घेतले.

परळचे संचालकपद मात्र त्यांना परत मिळाले नाही. कोलकात्यात काही वर्षे काम करून ते निवृत्त झाले. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले. १९३० मध्ये लोझान येथे त्यांचे निधन झाले.

एका गावातील एका बाटलीने जो विश्वास एका दिवसात घालविला, त्याची कारणमीमांसा होण्यास पाच वर्षे लागली. तोवर सरकारला अपराधी सापडला होता आणि लोकांना भीतीचे कारण. शास्त्राची चूक लपविल्याने अथवा ती घाईने कुणाच्या तरी माथी मारल्याने लोकांचा विश्वास परत येत नाही. तो जिंकण्याचा मार्ग हाफकिन यांनी आधीच दाखविला होता : जे इतरांना द्यायचे, ते प्रथम स्वतः घ्यायचे.