पंडिता रमाबाईंचा विद्याभ्यास

भगिनींनो, आपल्या आटपाडी भागातील कितीतरी कुटुंबे गलाईच्या धंद्यासाठी परप्रांती गेली आहेत. लग्न होऊन तिकडे गेलेल्या आपल्या लेकीसुनांना तमिळ, बंगाली अशा कधी कानांवर न पडलेल्या भाषा बाजारात उभे राहून शिकाव्या लागतात. शिकायचे वय गेले, आता जीभ वळत नाही, अशी त्यांची तक्रार असते. त्यांच्यासाठी पंडिता रमाबाईंचे चरित्र थोडक्यात सांगते.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले आणि त्या माउलीने ती विद्या आपल्या लेकीला दिली. पुराणे सांगत हे कुटुंब गावोगाव हिंडे. पुढे दुष्काळात आईवडील व थोरली बहीण गेली. उरलेली दोघे भावंडे, श्रीनिवास व रमाबाई, पायी फिरत राहिली. ज्या मुलखात जावे तेथली भाषा कानाने टिपावी, असे करीत रमाबाईंना कानडी, हिंदी, बंगाली येऊ लागल्या. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी दास यांच्याशी विवाह झाला, पण १८८२ साली वैधव्य आले. पदरात मनोरमा ही तान्ही मुलगी होती.

तरी त्या खचल्या नाहीत. १८८३ साली मुलीला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या. वय पंचवीस. तेथे त्यांनी इंग्रजीचा कसून अभ्यास केला आणि १८८७ साली हिंदू स्त्रियांची दुःस्थिती सांगणारे पुस्तक इंग्रजीतच लिहिले. इंग्लंडमध्येच त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यामुळे आपली पुष्कळ माणसे दुरावली. १८८९ साली मुंबईत विधवांसाठी त्यांनी शारदा सदन काढले. ते पुण्यास आल्यावर धर्मावरून मोठे वादळ उठले आणि अनेकांनी आपल्या मुली परत नेल्या. पुढच्या दुष्काळांत मात्र केडगावच्या मुक्तिसदनाने शेकडो निराधार मुली जगविल्या.

बायबलचे मराठी साध्या बायकांना कळत नाही, हे त्यांच्या मनाला लागले. मूळ ग्रंथ हिब्रू व ग्रीक भाषांत. तेव्हा पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्या या दोन्ही भाषांचा अभ्यास करू लागल्या. हिब्रू तर उजवीकडून डावीकडे लिहितात. आश्रमाचा एवढा मोठा संसार सांभाळून, ऐकू कमी येत असतानाही, वर्षानुवर्षे त्या शब्द न् शब्द पारखत राहिल्या. आश्रमातल्या स्त्रियाच छापखान्यात खिळे जुळवीत. १९२१ साली एकुलती मनोरमा गेली, तरी आईने लेखणी खाली ठेवली नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला. त्यांचे संपूर्ण बायबल १९२४ साली छापून बाहेर आले.

त्यांचा धर्म सर्वांना पटला नाही, पटावा असेही नाही. परंतु त्यांची चिकाटी कोणीही घ्यावी. तरुणपणी त्या ऐकून शिकल्या, उतारवयात ग्रंथ पुढे घेऊन शिकल्या. दोन्ही वेळा शिकण्यामागे निकडीचे काम होते, म्हणून शिकणे टिकले. आपल्या परप्रांतीच्या लेकींनाही कामाची निकड आहेच. चुकले तर हसतील ही भीती तेवढी सोडावी, आणि चार शब्द रोज बोलावेत.